प्रुडन्स का फुटला? नामसोसच्या एका बँडचं प्रकरण

१९७५ च्या डिसेंबरात प्रुडन्स हा नॉर्वेचा बँड थांबला, तेव्हा त्याला उतरती कळा लागली होती असं म्हणता येत नाही. त्याच वर्षी त्यांचा चौथा अल्बम आला होता आणि त्यातलं एक गाणं पुढे एका अख्ख्या प्रांताने आपलं मानलं. म्हणजे हातात सगळ्यात मोठं गाणं असताना बँड मोडला.

बँड फुटला की कारणं शोधायची आपली एक ठरलेली वाट असते: पैसा, दारू, अहंकार, कंपनीने फसवलं. प्रुडन्सच्या बाबतीत या वाटेने गेलं तर फारसं काही हाती लागत नाही. त्यांच्या रेकॉर्ड एकामागोमाग एक लावून ऐकल्या की मात्र एक गोष्ट ठळक होत जाते. सहा वर्षं हा बँड एकाच प्रश्नाशी झटत होता: आपण कुणासाठी गातोय, आणि कुणाच्या बोलीत? शेवटी उत्तर सापडलं. पण त्या उत्तराला प्रुडन्ससारखा बँड लागतच नव्हता. माझ्या मते फुटीचं मूळ इथे आहे. बाकीचं असेलही, पण ते दुय्यम.

गाव आणि माणसं

नामसोस हे नॉर्वेच्या ट्रॉन्डेलाग प्रांतातलं, ट्रॉन्डहाइम शहराच्या उत्तरेला रस्त्याने साधारण दोनशे किलोमीटरवरचं बंदर. ऑस्लोहून निघालात तर सातशेच्या आसपास. १८४५ मध्ये नामसेन नदीच्या मुखाशी वसवलेलं. वरच्या जंगलात तोडलेले ओंडके नदीतून वाहत खाली यायचे, नामसोसच्या गिरण्यांत चिरले जायचे आणि जहाजांवर चढायचे. घरंही लाकडाचीच, त्यामुळे १८७२ मध्ये आणि पुन्हा १८९७ मध्ये गाव जळालं. तिसऱ्यांदा जळालं ते २० एप्रिल १९४० ला. ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य नुकतंच तिथे उतरलं होतं, म्हणून जर्मन विमानांनी बॉम्ब टाकून गाव भुईसपाट केलं. बँडचा मुख्य गीतकार ओगे आलेक्सांडर्सन १९४९ चा, म्हणजे तो या राखेवर नव्याने उभ्या राहिलेल्या नामसोसमध्ये वाढला. नदी सामन माशांसाठी नावाजलेली, आणि तिथे गळ टाकून बसायला श्रीमंत इंग्रज एकोणिसाव्या शतकापासून येत आले होते. एवढाच काय तो त्या गावाचा बाहेरच्या जगाशी चैनीचा संबंध.

१९६९ मध्ये अशा गावातून एक बँड निघणं यात नवल नव्हतं. बीटल्सनंतर नॉर्वेच्या गल्लीबोळात गिटार घेतलेली पोरं होती. नवल हे की हा बँड देशभर फिरला तरी त्याची ओळख अखेरपर्यंत नामसोसचीच राहिली. राजधानीने त्याला आपल्यात मुरवून घेतलं नाही, आणि त्यानेही मुरायची फारशी खटपट केली नाही.

माणसं अशी: पेर एरिक वालुम मुख्य गायक, ओगे आलेक्सांडर्सन गिटार आणि गायन, तेर्ये तीसलान गिटार आणि अ‍ॅकॉर्डियन, यूहान तांगेन मँडोलिन आणि बासरी, शेल ओवे रीसेत बास, कोरे स्केविक ड्रम्स. या यादीत अ‍ॅकॉर्डियन आणि मँडोलिन आहेत तिथे जरा थांबायला हवं. या बँडचा ‘लोक’पणा त्यांत आहे.

नॉर्वेचं लोकसंगीत म्हटलं की बाहेरच्या माणसाला हार्डांगर फिडल आठवतं, खाली जास्तीच्या गुंजणाऱ्या तारा असलेलं नक्षीदार व्हायोलिन. ते मुख्यतः पश्चिमेचं आणि दक्षिणेतल्या दऱ्याखोऱ्यांचं. ट्रॉन्डेलागमध्ये साधं फिडल चालतं आणि ‘पोल्स’ नावाचा तीन मात्रांचा नाच. त्याशिवाय गावोगावच्या समाजगृहांत शनिवारी रात्री जे व्हायचं ते ‘गाम्मलदान्स’: वॉल्ट्झ, पोल्का, राइनलेंडर. या नाचांचा राजा अ‍ॅकॉर्डियन. शहरातल्या रॉकवाल्या पोरांच्या लेखी अ‍ॅकॉर्डियन म्हणजे काकालोकांचं वाद्य. प्रुडन्सने ते स्टेजवर आणलं, आणि गंमत म्हणून नव्हे, गाण्याचा भार उचलायला आणलं. प्राचीन लोकगीतं शोधून, झटकून, विजेच्या गिटारवर वाजवणारे बँड युरोपभर निघत होते. प्रुडन्सचा लोकरंग तसा संग्रहालयातून आलेला नव्हता. तो शनिवारच्या नाचातून आलेला होता, आणि शनिवारच्या नाचाला पुरातनपणाचं कौतुक नसतं. पाय हलले पाहिजेत, बस.

इंग्रजीतली तीन वर्षं

पहिला अल्बम १९७२ चा, पॉलिडॉर या रेकॉर्ड कंपनीचा, नाव ‘टुमॉरो मे बी व्हॅनिश्ड’. हे इंग्रजी जरासं लंगडतं हे इंग्रजी येणाऱ्या कुणालाही कळेल. मला ते नाव आवडतं ते त्या लंगडण्यासाठीच. ही परक्या भाषेत घरच्या गोष्टी सांगू पाहणारी मुलं होती आणि ते लपत नाही. अल्बम मात्र लंगडत नाही. बासरी, मँडोलिन, अकूस्टिक गिटार, हाताने वाजवायचे ढोल, मध्येच अ‍ॅकॉर्डियनची लांब ओढ, आणि या सगळ्याला वालुमचा खरखरीत, जोरकस आवाज. ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, विशेषतः जेथ्रो टलसारख्या बासरीवाल्या बँडचा वास त्याला येतो. पण टलमध्ये जी चतुराई आहे, एक भुवई वर करून बोलण्याची, ती इथे नाही. ही मंडळी सरळ आहेत.

१९७३ मध्ये ‘ड्रंक अँड हॅपी’, १९७४ मध्ये ‘नंबर थ्री’. दरवर्षी एक अल्बम, आणि मधल्या काळात व्हॅनमधून दौरे. नॉर्वेत दौरा काढणं म्हणजे काय हे नकाशा पाहिल्याशिवाय समजत नाही. माणसं तेव्हा जेमतेम ३९ लाख, देश मात्र उत्तर-दक्षिण इतका लांब की एका टोकाहून दुसरं गाठायला दिवस जातात. मध्ये फ्योर्ड, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या अरुंद खाड्या, फेरीबोटी, हिवाळ्यात बर्फ. रेडिओची वाहिनी एक, टीव्हीची वाहिनी एक, दोन्ही सरकारी प्रसारणसंस्थेच्या, एनआरकेच्या. ती मक्तेदारी १९८१ पर्यंत टिकली. रेडिओवर जागा मिळाली नाही तर दुसरं दार नाही. लोकांपर्यंत जायचं तर अंगाने जायचं: समाजगृह, शाळेचा हॉल, विद्यार्थ्यांचा क्लब. प्रुडन्ससारखे बँड अशा जागांवर घडले, आणि समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर गाणं पोचलं की नाही हे त्यांना दररोज दिसत होतं.

हे दिसणं महत्त्वाचं. इंग्रजीत का गायचं याची कारणं त्या काळी सगळ्यांकडे होती. रॉकची भाषा इंग्रजी, नॉर्वेजियनमध्ये गायलं की ते ‘शलागर’ होतं, म्हणजे रेडिओवरचं गुळगुळीत करमणुकीचं गाणं. शिवाय कुणी सांगावं, उद्या लंडनहून बोलावणं आलं तर? बोलावणं आलं नाही. तेव्हाच्या जवळजवळ कुठल्याच नॉर्वेजियन बँडला आलं नाही. मग इंग्रजी उरली ती कुणासाठी? नामसोसच्या किंवा बर्गनच्या श्रोत्याला ती अर्धी कळायची, लंडनचा श्रोता समोर नव्हताच.

‘ड्रंक अँड हॅपी’ मला या पेचाचा सगळ्यात चांगला दस्तऐवज वाटतो. ट्रॉन्डेलागचा माणूस म्हटलं की उरलेल्या नॉर्वेच्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, मिशी, कातडी जाकीट आणि कॉफीत घरी गाळलेली दारू घालून केलेलं ‘कार्स्क’, त्या चित्राशी हे नाव पुरेपूर जुळतं. फक्त भाषा तेवढी दुसऱ्याची. घरचा माणूस, घरची दारू, आणि दाराशी दुभाषा उभा.

१९७२ ते १९७५: वारं फिरलं

याच वर्षांत बँडच्या बाहेर काय घडत होतं ते नीट पाहिल्याखेरीज पुढचं समजत नाही. २४ आणि २५ सप्टेंबर १९७२ ला नॉर्वेत सार्वमत झालं: युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, जायचं की नाही. सरकार, उद्योगपती, मोठी वर्तमानपत्रं ‘हो’ म्हणत होती. ५३.५ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. शेतकरी, मच्छीमार, उत्तरेचे प्रांत, डावे विद्यार्थी हे सगळे एका बाजूला आले. राजधानीने ठरवायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, हा रिवाज मोडता येतो हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिलं. खेड्यापाड्यांचं, परिघावरचं जे जे काही होतं त्याला एकाएकी मान मिळाला, आणि त्यात बोली आल्या.

नॉर्वेजियनची लिहायची प्रमाण रूपं दोन, बूकमोल आणि नीनॉर्स्क. बोलायची प्रमाण भाषा मात्र अशी ठरलेली नाही, जो तो आपल्या खोऱ्यातली बोली बोलतो. ‘मी’ म्हणायला बूकमोलमध्ये ‘याय’, नीनॉर्स्कमध्ये ‘एग’, ट्रॉन्डेलागच्या बोलीत नुसतं ‘अ‍ॅ’. असं असूनही रेडिओवर आणि गाण्यात बोली कानावर पडायची ती बहुधा विनोदापुरती. ट्रॉन्डर, म्हणजे ट्रॉन्डेलागच्या, बोलीवर तर हसायचंच असतं अशी समजूत होती.

१९७४ च्या सुमारास व्योम्मोल स्पेलमान्सलाग या मंडळीने ही समजूत उलटी फिरवली. हान्स रोटमो हा त्यांचा गीतकार वेरदालचा, म्हणजे नामसोसहून दक्षिणेला त्याच प्रांतातला. त्याने एक काल्पनिक खोरं रचलं, त्यातली माणसं रचली आणि त्यांच्याच बोलीत गावं ओस पडण्याची, भांडवलाने माणसं शहराकडे ओढून नेण्याची गाणी लिहिली. रेकॉर्ड काढली ती डाव्यांशी जवळीक असलेल्या ‘मै’ या छोट्या कंपनीने. ती तुफान खपली. लोक हसत होते, पण आता बोलीला हसत नव्हते. बोलीतून दुसऱ्यांना हसत होते. सगळ्या रॉक बँडनी हे पाहिलं असणार. प्रुडन्सला तर ते अंगणात घडताना दिसलं.

१९७५ चा चौथा अल्बम आला तो ‘ताक ते दोक’, बोलीतच: ‘तुम्हां सगळ्यांचे आभार’. बँड त्याच वर्षी संपल्यामुळे हे नाव आज निरोपासारखं वाचलं जातं. या अल्बममध्ये आलेक्सांडर्सनचं ‘अ‍ॅ ए ट्रॉन्डर अ‍ॅ’ हे गाणं आहे. मी ट्रॉन्डर आहे, मी. बस, इतकंच म्हणणं. फुटबॉलच्या मैदानात, लग्नात, परगावी भेटलेल्या दोन ट्रॉन्डरांच्या टेबलावर ते आजही निघतं. ज्या स्थानिक ओळखीची थट्टा व्हायची तीच छाती पुढे काढून मिरवणारं हे गाणं, आणि त्यात स्वतःवर हसायची जागाही राखून ठेवलेली. ही जागा नसती तर ते नुसतं प्रांताभिमानाचं घोषवाक्य झालं असतं आणि पाच वर्षांत विसरलं गेलं असतं.

आणि तिथेच गाठ सुटली

मग थांबले का? मला यात तीन धागे गुंतलेले दिसतात, आणि ते सुटे करणं सोपं नाही.

इंग्रजीत गाताना लिहिणारा एक आणि गाणारा दुसरा असला तरी चालतं. परकी भाषा म्हणजे एक प्रकारचा पोशाख, तो कुणीही घालावा. वालुमचा आवाज या बँडचा मोठा ऐवज होता, आणि इंग्रजी गाण्यांत तो ऐवज पूर्ण कामी आला. पण गाणं बोलीत उतरलं, ‘अ‍ॅ’ने सुरू झालं, की तो ‘मी’ नेमका कुणाचा हे ऐकणाऱ्याला हवं असतं. आपल्या बोलीत आपल्याविषयी लिहिणाऱ्यानेच ते गावं अशी ओढ निर्माण होते. म्हणजे बोलीने बँडचा आवाज बदलला तो नुसत्या उच्चारांपुरता नाही. स्टेजच्या मध्यभागी कोण उभं राहणार हेही त्यातून ठरू लागलं. यावर त्यांच्यात वाद झाले की नाही याला फार महत्त्व नाही. अशा गोष्टी वादाशिवायही घडतात.

दुसरं, गाण्याची लांबीरुंदी. प्रोग्रेसिव्ह रॉकला अवकाश लागतो: बासरीचा लांब तुकडा, लय बदलणारा मधला भाग, सहा जणांना आळीपाळीने पुढे येता येईल अशी बांधणी. ज्याच्या शब्दांवर लोक हसतात, रडतात, सोबत गातात, त्या गाण्याला हे सगळं अडचणीचं होतं. त्याला तीन-चार मिनिटं, लक्षात राहणारं धृपद आणि भक्कम ठेका पुरतो. शब्द कळू लागले तसं श्रोत्यांना मधल्या बासरीचं अप्रूप राहिलं नाही. हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतं, कारण पहिल्या अल्बममधली तांगेनची बासरी आणि मँडोलिन ही त्या काळच्या नॉर्वेजियन रॉकमधली फार सुंदर गोष्ट आहे आणि पुढच्या ट्रॉन्डररॉकमध्ये, म्हणजे ट्रॉन्डेलागच्या बोलीतल्या रॉकमध्ये, तिला वारस नाही. सापडलेल्या उत्तराची ही किंमत होती आणि ती त्यांनी मोजली.

तिसरा धागा सगळ्यात साधा. बँडमध्ये स्वतःच्या नावावर उभे राहतील असे दोन गीतकार होते. आलेक्सांडर्सन तर उघडच, पण तीसलानही. बोली सापडेपर्यंत दोघांना एकमेकांचा आधार होता. ती सापडल्यावर दोघांकडे आपापलं सांगायला इतकं साठलं की वर्षाला एका अल्बमच्या दोन बाजू पुरेनात. एकत्र घरातले दोन कमावते भाऊ भांडण न करता वेगळी चूल मांडतात, तसलाच हा मामला असावा.

शेवटची तारीख त्यांनी रेकॉर्डच्या नावातच ठेवली. १९७६ मध्ये आलेल्या लाइव्ह अल्बमचं नाव ‘११/१२-७५’, म्हणजे ११ डिसेंबर १९७५. निरोपाची रेकॉर्ड म्हणून मी ती पुन्हा पुन्हा ऐकलेली आहे आणि तीत थकलेला बँड ऐकू येत नाही.

दुसरी वाट घेतलेले

प्रुडन्सने इंग्रजी सोडली नसती तर? याचं अर्धंमुर्धं उत्तर दुसऱ्या एका बँडकडे पाहून मिळतं. पोपोल वूह हा ऑस्लोकडचा बँड, सफाईदार, इंग्रजीत गाणारा, बाहेरच्या बाजारपेठेकडे डोळे लावून बसलेला. त्यांचं दुर्दैव नावापासून सुरू झालं: त्याच नावाचा एक जर्मन बँड आधीच होता, म्हणून यांना पोपोल एस व्हावं लागलं. वाजवण्यात ते प्रुडन्सपेक्षा तयार होते असं मी म्हणेन. पण परदेशी दार काही उघडलं नाही. त्यांचा गायक यान ताइगन पुढे एकट्याने गाऊ लागला, नॉर्वेजियनमध्ये. १९७८ मध्ये पॅरिसला युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेत ‘मील एत्तर मील’ हे गाणं घेऊन गेला आणि शून्य गुण घेऊन परतला. नॉर्वेत तेच गाणं गाजलं आणि ताइगन घराघरांत पोचला. बाहेरच्यांनी शून्य दिलेल्या माणसाला घरच्यांनी डोक्यावर घेतलं. प्रुडन्सने तीन वर्षं आधी जे ओळखलं होतं ते ताइगनला जरा महागात समजलं, एवढाच फरक.

ऑस्लोच्या फोल्के या बँडचा मार्ग तिसराच. त्यांनी पहिल्यापासून नॉर्वेजियन धरली, पण मध्ययुगीन कथागीतांची. १९७४ मध्ये पहिला अल्बम काढला आणि १९८४ पर्यंत टिकले. जुनी कथागीतं कुणाच्याच मालकीची नसतात. राजकन्या, डोंगरातला राक्षस, बुडालेला प्रियकर: हे कुणीही गावं, गायक बदलला तरी चालतं. त्यामुळे बँडमध्ये कुणाचा ‘मी’ मोठा होऊन इतरांना बाहेर ढकलत नाही. प्रुडन्सकडे हा आडोसा नव्हता. त्यांचा लोकपणा चालू वर्तमानाचा होता, म्हणून जास्त जिवंत आणि म्हणून कमी टिकाऊ.

फुटल्यानंतर

आलेक्सांडर्सनच्या १९७६ च्या पहिल्या एकल अल्बमचं नाव ‘७८०० नामसोस’. ७८०० हा गावाचा पिनकोड. इंग्रजीच्या धुक्यातून निघालेल्या माणसाने आपला पत्ताच छापून दिला. मग ‘सांबान्दे’ नावाचा साथीचा बँड उभा राहिला. इथे रचना स्वच्छ आहे: पुढे नाव असलेला एक माणूस, मागे त्याचे वादक. कोण कशासाठी आहे याचा गोंधळ नाही. १९८४ चा ‘लेव्वा लीवे’ हा त्यांचा अल्बम ४१ लाखांच्या देशात दोन लाखांच्या पुढे खपला. त्यातलं ‘लीस ओ वार्मे’, प्रकाश आणि ऊब, हे अंगाईसारखं गाणं नॉर्वेत अंत्यविधींनाही गातात. बोलीत, अर्थात.

तीसलानने १९७७ मध्ये ‘स्ताकर्स क्लोव्न’ हा अल्बम काढून आपला रस्ता धरला. त्याची गाणी जास्त नाचरी, जास्त मिश्कील, अ‍ॅकॉर्डियनला जास्त जवळची. आलेक्सांडर्सनमध्ये एक कळवळा असतो, कधी कधी प्रवचनाकडे झुकणारा. तीसलान तुम्हाला कोपर मारून हसवतो. प्रुडन्समध्ये ही दोन्ही टोकं एकाच गाण्यात असायची. फुटल्यावर प्रत्येकाला आपलं टोक लांबवर नेता आलं, पण एकाच गाण्यातली ती ओढाताण गेली. माझ्यासारख्या श्रोत्याला ती ओढाताणच हवी असते. नॉर्वेजियन जनतेला नको होती, आणि जनतेची बाजू चुकीची होती असंही मला म्हणता येत नाही.

नामसोसचं म्हणाल तर गावाला एक धंदाच सापडला. नव्वदच्या दशकात डीडीई हा तिथलाच बँड बोलीतली पार्टीची गाणी घेऊन देशभर खपला. २०११ मध्ये गावात ट्रॉन्डररॉकचं ‘रॉक सिटी नामसोस’ हे केंद्र उभं राहिलं. लाकूड चिरणाऱ्या गावाच्या पाट्यांवर आता रॉक आहे.

यातून निघालेली आणखी एक रेघ मला दाखवावीशी वाटते, जरी ती प्रुडन्सपर्यंत सरळ जात नसली. १९९९ मध्ये ट्रॉन्डेलागमध्येच गोते हा बँड निघाला: स्वेनुंग सुंदली आणि त्याची बहीण गुनहिल, जी तेव्हा शाळकरी होती. लोकसंगीत, मेटल आणि इलेक्ट्रॉनिक यांचं मिश्रण. २००२ मध्ये ‘यिग्री’, २००४ मध्ये ‘इसेलिल्या’, प्रचंड यश, आणि २००५ मध्ये फूट. वरवर तीच कहाणी. पण इंग्रजीत गावं की नॉर्वेजियनमध्ये, हा प्रश्न त्यांना पडल्याचं त्यांच्या संगीतात कुठेच ऐकू येत नाही. त्यांना तो पडावा लागला नाही, कारण तीस वर्षांपूर्वी कुणीतरी तो सोडवून ठेवला होता. त्यांचं थांबणं वेगळ्या जातीचं होतं: फार लहान वयात फार मोठं झालेल्या माणसांचं. म्हणूनच कदाचित ते परत जुळू शकले. २०१७ मध्ये गोते पुन्हा उभा राहिला आणि २०२४ मध्ये माल्मोच्या युरोव्हिजनमध्ये ‘उल्वेहाम’ घेऊन नॉर्वेतर्फे गेला, नॉर्वेजियनमध्येच. अंतिम फेरीत पंचविसावा आला. प्रुडन्सला जोडायचं म्हटलं तर नुसती माणसं जमून भागणार नव्हतं. १९७५ नंतर त्या बँडला सोडवायला प्रश्नच उरला नव्हता.

ऐकायला बसणार असाल तर क्रमाने ऐकू नका. आधी ‘ताक ते दोक’ लावा, एकही शब्द कळला नाही तरी चालेल. शब्द कळणाऱ्यांशी हा बँड कसा बोलतो ते सुरांत ऐकू येतं. मग मागे जाऊन ‘टुमॉरो मे बी व्हॅनिश्ड’. यातला प्रत्येक शब्द तुम्हाला कळेल, आणि तरी तिथे बोलते ती बासरीच. ‘नंबर थ्री’ राहिला तरी बिघडत नाही. ‘ड्रंक अँड हॅपी’ मात्र चुकवू नका.